फकिराची चूक कोणती?

कॉलेजात मराठी घेतलेल्या आपल्या पोरापोरींना एक प्रश्न कधी ना कधी गाठतोच. ‘फकिरा’ कादंबरीचा नायक शोकनायक ठरतो काय, चर्चा करा. उत्तर गाईडात तयार असतं. ॲरिस्टॉटलची लक्षणं लिहायची. नायक थोर हवा, त्याच्या हातून एक चूक व्हायला हवी, त्या चुकीपायी त्याचा नाश व्हायला हवा, आणि ते पाहून आपल्याला करुणा आणि भीती वाटायला हवी. मग खाली फकिरा बसवायचा. तो शूर, म्हणून थोर. तो संतापी आणि अति धाडसी, ही त्याची चूक. त्यातून त्याचा शेवट. आपल्याला वाईट वाटतं, ती करुणा. सुटला प्रश्न.

मित्रांनो, हे उत्तर लिहिताना हात जरा थांबवा. ‘चूक’ हा शब्द आपण कोणाच्या नावावर टाकतो आहोत? उपाशी वस्तीसाठी धान्य लुटणाऱ्या, आणि तीच वस्ती सुटावी म्हणून स्वतःला शत्रूच्या हवाली करणाऱ्या माणसाच्या नावावर. सरकारी दप्तरात जो दरोडेखोर होता त्याला अण्णाभाऊंनी नायक केलं. आपण गाईड वाचून त्याला पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो, भाषा तेवढी साहित्याची वापरतो.

म्हणून हे माप एकदा तपासू. ते कोणी केलं, कोणासाठी केलं, फकिरा त्यात कुठे बसतो आणि कुठे ते माप फाटतं ते पाहू. त्यासाठी वाटेगावाहून आपल्या चांद्याच्या जंगलापर्यंत यावं लागेल. कारण हा प्रश्न ज्या गाठीवर अडतो, ती गाठ आपल्याच मातीत १८५८ साली उघडी पडली होती.

१

ॲरिस्टॉटल इसवी सनापूर्वी ३८४ ते ३२२ या काळातला. त्याचं काव्यशास्त्र म्हणजे एक लहानशी पोथी. विंदा करंदीकरांनी तिचं मराठी केलेलं आहे, तेव्हा इंग्रजी येत नाही म्हणून कोणी अडायचं कारण नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : अगदी निर्दोष माणसाचा नाश दाखवला तर प्रेक्षकाला नुसता धक्का बसतो. दुष्टाचा नाश दाखवला तर कोणालाच दुःख होत नाही. म्हणून शोकनायक या दोघांच्या मधला हवा. त्याचा नाश दुष्टपणाने नव्हे, ‘हॅमार्शिया’मुळे व्हावा. तो मोठ्या नावलौकिकाचा, भरभराटीतला असावा, ईडिपससारखा. थीब्जचा राजा ईडिपस नकळत बापाला मारतो, नकळत आईशी लग्न करतो, आणि सत्य कळल्यावर स्वतःचे डोळे फोडून घेतो. दशा उलटणं आणि सत्याची ओळख पटणं ही दोन वळणं एकदम आली तर शोकांतिका उत्तम साधते. घाव आपल्याच माणसाकडून बसला तर तो जास्त खोल जातो, हेही त्यानेच सांगून ठेवलं आहे. हे शेवटचं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे सगळं टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. माणूस कसा मोडतो याचा त्या माणसाने बारकाईने विचार केला होता. पण त्याच पोथीत नाटकातल्या पात्रांच्या स्वभावाबद्दल लिहिताना तो म्हणतो की बाई चांगली असू शकते, गुलामसुद्धा चांगला असू शकतो, जरी बाई खालच्या दर्जाची आणि गुलाम पार कवडीमोलाचा असला तरी. दुसऱ्या ग्रंथात गुलाम म्हणजे जिवंत अवजार, अशी त्याची मांडणी आहे. तेव्हा नायक थोर हवा ही अट सहज आलेली नाही. जो मुळात माणसात मोजला जात नाही त्याच्या पडण्याचं दुःख कोण करणार, हा त्या समाजाचा हिशोब त्या अटीमागे आहे.

आपल्याकडच्या पोथ्या वेगळ्या नाहीत. संस्कृत नाट्यशास्त्राने नायकाचे चार प्रकार केले : धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत. चारही घरं वरच्यांची. नायकाचं मरण रंगमंचावर दाखवायचं नाही, शेवट फलप्राप्तीचा करायचा. मग शूद्राच्या मरणाचं काय? भवभूतीचं ‘उत्तररामचरित’ उघडा. आठव्या शतकातला हा नाटककार विदर्भातल्या पद्मपूरचा मानला जातो, म्हणजे आपल्याच भागातला. दुसऱ्या अंकात राम दंडकारण्यात येतो आणि तप करणाऱ्या शंबूकाला ठार करतो. मेलेला शंबूक लगेच दिव्य रूप घेऊन उभा राहतो, मारल्याबद्दल रामाचे उपकार मानतो आणि वर त्याला तो परिसर दाखवत हिंडतो. त्या नाटकात मारणाऱ्याच्या मनाची घालमेल आहे. मारलेल्याचं दुःख नाही. आपण राहतो त्या प्राणहिता-इंद्रावतीच्या जंगलपट्ट्यालाही दंडकारण्यच म्हणतात. शंबूकाचं मरण या रानात पडलं, आणि त्याला शोकांतिका म्हणायलासुद्धा शास्त्राने मनाई केली.

आता ‘हॅमार्शिया’ या शब्दाकडे बघा. तो मुळात नेमबाजीतून आलेला आहे. नेम चुकणं, बाण लक्ष्याला न लागणं. जंगलातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मग एकलव्य आठवा. त्याचा नेम चुकला होता काय? त्याचा नेम चुकत नव्हता हाच त्याचा गुन्हा झाला, आणि म्हणून त्याचा अंगठा मागून घेतला. ग्रीक नायक नेम चुकल्याने पडतो, आणि एकलव्याला नेम लागल्याची शिक्षा होते. एवढं मनात ठेवून फकिराकडे जाऊ.

२

अण्णाभाऊ साठे १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावला जन्मले. त्याच वर्षी ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केलं होतं. ज्यांना तोंड असून बोलता येत नाही त्यांचा नायक, असं ते नाव. अण्णाभाऊ मुंबईत गिरणीत राबले, लाल बावट्याच्या कलापथकात डफावर थाप मारून गायले, आणि २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं त्यांनी उद्घाटन केलं. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, कष्टकऱ्यांच्या आणि दलितांच्या तळहातावर तरली आहे, हा विचार त्यांनी तिथेच मांडला. पुढच्या वर्षी, १९५९ साली ‘फकिरा’ आली. १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. कादंबरी अर्पण केली आहे ती बाबासाहेबांच्या लेखणीला. आपल्यातले काही जण अण्णाभाऊंना कम्युनिस्ट म्हणून बाजूला सारतात, काही जण उघड बोलत नाहीत पण जात बघून सारतात. दोघांनीही ते अर्पणाचं पान वाचावं.

आता फकिराला मापात बसवून बघू. जे बसतं ते प्रामाणिकपणे बसतं म्हणू.

थोरपणा. फकिराचा बाप राणोजी गावासाठी शिगावची जोगणी पळवून आणतो, कारण जोगणी ज्या गावात त्या गावाला जत्रेचा मान. सीमा ओलांडून आल्यावर मारायचं नाही असा संकेत असताना शिगावचा खोत त्याला दग्याने मारतो. गावाच्या अब्रूसाठी गावकुसाबाहेरचा माणूस जीव देतो. फकिरा हा त्या बापाचा पोर. जमीन नाही, वतन म्हणाल तर राबणुकीचं, पण त्याच्या शब्दावर अख्खा मांगवाडा उठतो. ही उंची राजवाड्याची नाही. लोकांनी ज्याच्यावर जीव टाकला त्याची ती उंची आहे. अण्णाभाऊंनी पहिला घाव इथे घातला : थोरपण जन्मावर ठरत नाही. ॲरिस्टॉटलच्या मापाची पहिली शिवण इथेच उसवते.

दशा उलटणं. दुष्काळ पडतो, साथ येते, मांगवाडा अन्नावाचून मरायला लागतो. विष्णुपंत कुलकर्णी हा ब्राह्मण, गावाचा अधिकारी, पण तो या उपाशी माणसांना आधी जगा असं सांगतो. अण्णाभाऊंनी वरच्या जातीतला भला माणूस भलाच रंगवला आहे, हेही नोंदवून ठेवा. फकिरा मठकऱ्याचा वाडा फोडून धान्य आणतो, वस्ती जगते. पुढे तो सरकारी खजिन्यावर हात टाकतो. आणि आता खोत-पाटलांची वैरं मागे पडून समोर इंग्रज सरकार उभं राहतं.

ओळख पटणं. सरकारला फकिरा सापडत नाही. मग सरकार मांगवाड्याला धरतं. बाया, पोरं, म्हातारी माणसं कोंडली जातात. फकिरा ये, नाहीतर यांची सुटका नाही. इथे फकिराला जे कळतं ते ईडिपसला कळलं त्याहून कमी भयंकर नाही. आपण ज्यांच्यासाठी लढलो, त्यांच्याच गळ्याला आपल्या लढण्यामुळे फास बसला. तलवार हातात आहे, पण मारायचं कोणाला? तो स्वतः चालत जातो आणि शत्रूच्या हाती पडतो.

करुणा आणि भीती दोन्ही आहेत. दशा उलटते, ओळख पटते. म्हणजे चारपैकी तीन खुणा भक्कम लागतात. फकिरा शोकनायक आहे, यात मला शंका नाही. मग चौथी खूण? चूक?

एकेक करून बघा. धान्य लुटलं ही चूक? न लुटतं तर वस्ती मेली असती. खजिना लुटला ही चूक? ज्या सरकारच्या राज्यात माणसं उपाशी मरत होती आणि तिजोरी भरलेली होती, त्या तिजोरीला हात लावणं याला चूक कोण म्हणेल? तिजोरीचा मालक. शरण गेला ही चूक? न जाता तर पोरंबाळं कोंडवाड्यात सडली असती. संतापी होता ही चूक? संताप नसता तर तो जगला असता, खरं आहे, पण हजेरी देत जगला असता.

हजेरी म्हणजे काय ते नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता, १९११ च्या नव्या कायद्याने तो सगळीकडे लावता आला. एखादी जमात सरकारने यादीत टाकली की त्या जमातीचं मूल जन्मतःच गुन्हेगार. नाव दप्तरात, हालचालीवर पहारा, ठरल्या वेळी चावडीवर किंवा चौकीवर हजर राहायचं. देशभरातून हा कायदा १९५२ साली गेला. आता ॲरिस्टॉटलला विचारा, जिथे जन्म हाच गुन्हा आहे तिथे हॅमार्शिया कुठे शोधायची? ग्रीक नायकाला पडायला निदान एक चूक करावी लागत होती. इथल्या कायद्याने तेवढी अटही ठेवली नव्हती.

म्हणजे चूक माणसात नाही. चूक त्या तंत्रात आहे, ज्यात एकाच्या करणीसाठी सगळ्यांना धरता येतं. त्याला ओलीस धरणं म्हणतात. आता चांद्याला या.

३

चांद्याचं गोंड राज्य १७५१ साली नागपूरच्या भोसल्यांनी गिळलं, आणि १८५४ साली इंग्रजांनी भोसल्यांचं राज्य खालसा केलं. चांदा इंग्रजांच्या हाती आला. अहेरीच्या मोठ्या जमीनदारीखाली मोलमपल्ली नावाची लहान जमीनदारी होती. तिचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके. जन्म १८३३ चा, म्हणजे उठाव केला तेव्हा वय पंचविशीचं, आज आपल्यात जे बसतात-उठतात त्यांच्याच वयाचे. मार्च १८५८ मध्ये त्यांनी गोंड आणि रोहिल्यांची फौज जमवून राजगड परगणा घेतला. आडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. मार्चमध्ये नांदगाव-घोसरीला आणि एप्रिलमध्ये सगणापूर, बामनपेठला लढाया झाल्या. एप्रिलच्या अखेरीला प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारखात्याचे दोन गोरे नोकर, गार्टलँड आणि हॉल, रात्रीच्या हल्ल्यात मारले गेले. सरकारी गॅझेटिअर या सगळ्याला लूट आणि बंड म्हणतं. फकिराला दरोडेखोर म्हणणारी लेखणी आणि ही लेखणी एकाच दौतीतली.

चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन जंगलात बाबूरावांना पकडू शकला नाही. डोंगर, नाले, बांबूची बनं, पायाखालची वाट माहीत असलेली माणसं. मग त्याने काय केलं? तेच. जंगलात शिरण्याऐवजी त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दाब आणला. तुमच्या जमीनदारीतला माणूस, तुम्ही आणून द्या. लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबूरावांना धरलं आणि १८ सप्टेंबर १८५८ रोजी इंग्रजांच्या हवाली केलं. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याला त्यांना फाशी दिली. व्यंकटराव बस्तरमध्ये गेले. तेही १८६० साली पकडले गेले, जन्मठेप झाली. त्यांची आडपल्ली-घोट जमीनदारी जप्त करून तिची ६७ गावं लक्ष्मीबाईंना इनाम दिली.

आता ॲरिस्टॉटलचं माप इथे लावा. फकिरा बसत नव्हता तिथे बाबूराव बसतात. जमीनदार आहेत, म्हणजे नावलौकिक आहे. घाव आपल्याच माणसाकडून बसला, म्हणजे तेही लक्षण लागतं. कोणी सोफोक्लीज चांद्यात असता तर त्याने दुसरा विषय शोधला नसता. पण चूक? पंचवीस वर्षांच्या बाबूरावांची चूक कोणती? त्यांचा नेमही चुकला नव्हता. इंग्रजाने जो दोर ओढला तो बाबूरावांच्या स्वभावातला नव्हता, तो अहेरीच्या जमीनदारीच्या सनदेतला होता. उंच कुळातला गोंड जमीनदार आणि गावकुसाबाहेरचा मांग, दोघांमध्ये जातीचं, काळाचं, शेकडो कोसांचं अंतर. एक इतिहासातला, एक कादंबरीतला. पण दोघांना पाडणारं तंत्र एकच. नायकाशी लढायचं नाही. त्याच्या माणसांना हातात घ्यायचं.

लक्ष्मीबाईंना फितूर म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि इनाम घेतलं ते घेतलंच, त्याची सफाई मी देत नाही. पण ज्याच्या हाती जमीनदारीचा कागद तोच मालक, अशी बांधणी झाली की धनीसुद्धा ओलीस असतो, फक्त त्याच्या कोंडवाड्याला वाडा म्हणतात. तसंच बाबूराव जमीनदार होते हेही लपवायचं कारण नाही. त्यांच्या लढ्यात कुळांच्या, राबणाऱ्यांच्या, गावातल्या आपल्या पूर्वजांच्या सुटकेचा जाहीरनामा शोधायला जाऊ नये. इंग्रजांच्या सत्तेला या जंगलातून नकार दिला, हे त्यांचं मोठेपण. ते पुरेसं आहे. भक्तीने त्यात भर घालायची गरज नाही.

४

इथे शोकांतिकेबद्दल एक गोष्ट बोलावी लागते. ॲरिस्टॉटल म्हणतो, करुणा आणि भीती जागी होऊन प्रेक्षकाच्या मनाचं विरेचन होतं. विरेचन म्हणजे जुलाब. आत साचलेलं निघून जातं, माणसाला हलकं वाटतं. अथेन्सचा नागरिक नाटक बघून हलका होऊन घरी जायचा, आणि घरी गुलाम राबत असायचे. आपलं तसंच होऊ लागलं आहे. २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या जेलच्या आवारात फुलं वाहायची, १ ऑगस्टला अण्णाभाऊंची मिरवणूक काढायची, डोळे ओले करायचे, हलकं व्हायचं, घरी जायचं. २००९ साली बाबूरावांचं टपाल तिकीट निघालं. ज्या सरकारी लेखणीने लुटारू लिहिलं त्याच खुर्चीने तिकीट काढलं, हा बदल लहान नाही. पण ओलीस धरण्याचं तंत्र तिकिटाने मोडत नाही.

ते तंत्र आजही चालू आहे, आणि तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. गावात आपल्या एका पोराने १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार द्यावी. त्याला कोणी हात लावत नाही. पण वस्तीला धानकापणीची मजुरी बंद होते, गिरणीवर दळण घेत नाहीत, दुकानात उधारी थांबते, बोडीवर पाणी भरायला गेलेल्या बाईला टोमणे बसतात. आठ दिवसांनी वस्तीतलीच म्हातारी माणसं त्या पोराच्या दारात येतात. बाबा, तुझ्यापायी आम्ही का मरावं? तो पोर फकिरा झालेला असतो, आणि ती म्हातारी माणसं कोंडवाड्यात असतात. २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो जातपंचायतींच्या जाचावरून गाजला. वस्तीवर बहिष्कार पडला की तोही हातात घ्यायला शिका. आणि जंगलातल्या गावांनी तर १९८० नंतर दोन बंदुकांच्या मध्ये राहून पाहिलं आहे. एकाला भाकर दिली म्हणून दुसरा गावाला धरतो, दुसऱ्याला वाट दाखवली म्हणून पहिला माणूस उचलतो. आदिवासी गाव हे तंत्र पुस्तक न वाचता सांगेल.

मग शोकनायक होण्यावाचून वाट नाही काय? इथे महाडची आठवण काढतो, कारण ओलीस धरण्याच्या तंत्राला पुरतं ओळखलेला नेता तिथे दिसतो. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी पिऊन झाल्यावर सवर्णांनी आपल्या लोकांवर हल्ला केला. आपल्यात पलटणीत नोकरी केलेली माणसं होती, उलट वार करायला तयार होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. भित्रेपणा म्हणून नव्हे. परिषदेला आलेली माणसं दुसऱ्या दिवशी एकेकटी आपापल्या गावी परतणार होती, आणि तिथे पाच घरांचा महारवाडा शंभर घरांच्या गावाच्या हातात होता. त्यांनी तलवारीचा हिशोब केला नाही, त्या पाच घरांचा हिशोब केला. पुढच्याच महिन्यात ‘बहिष्कृत भारत’ सुरू केलं. डिसेंबरात मनुस्मृती जाळली, कोर्टाचा मनाईहुकूम आल्यावर तळ्यावरचा सत्याग्रह थांबवला, आणि दहा वर्षं खटला लढवून १९३७ साली हायकोर्टात जिंकला. ‘शोकनायक’ या शब्दाच्या कोणत्याही व्याख्येत हे बसत नाही. यात एका माणसाचं झळाळून पडणं नाही. यात ओलीस ठेवलेली माणसं कशी सोडवायची याचा चिवट विचार आहे. एका नेत्याच्या पायाशी स्वातंत्र्य वाहू नका, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला, तोही याच विचारातून.

आणि मग १६ ऑक्टोबर १९५६. नागपूरनंतर बाबासाहेब चांद्याला आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने इथल्या आपल्या माणसांना त्यांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर ५१ दिवसांनी ते गेले. ज्या गावात ९८ वर्षांपूर्वी एका माणसाला फासावर चढवून सगळ्या जंगलाला भीती घातली होती, त्याच गावात हजारो माणसं एकदम उभी राहिली आणि त्यांनी जुना धर्म टाकला. यात एक नायक पुढे आणि बाकीचे ओलीस, अशी मांडणीच उरली नाही. जो तो आपली प्रतिज्ञा आपल्या तोंडाने बोलला. मुकेपण तिथे संपलं, म्हणून नायकाने एकट्याने बोलण्याची पाळीही संपली. ग्रीकांची शोकांतिका दुःखाच्या मुळाशी दैव ठेवते. धम्म सांगतो, दुःखाला कारण असतं, कारण शोधता येतं आणि काढून टाकता येतं. शंबूकाला मरणानंतर आभार मानायला लावणाऱ्या पोथीला चांद्याच्या लोकांनी दिलेलं ते उत्तर होतं.

याचा अर्थ फकिराने आणि बाबूरावांनी बाबासाहेबांसारखं करायला हवं होतं, असा कोणी काढू नये. त्यांच्या हाती कोर्ट नव्हतं, छापखाना नव्हता, मताचा अधिकार नव्हता. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या, आणि त्यांनी मान ताठ ठेवणारी वाट धरली. ती वाट फासाकडे जात होती हा त्यांचा दोष नाही. आज आपल्या हाती तिसरी वाट आहे, आणि ती वापरली नाही तर मात्र दोष आपला.

तेव्हा परीक्षेत प्रश्न आला तर लिहा : होय, फकिरा शोकनायक आहे. त्याची थोरवी त्याच्या लोकांनी त्याला दिलेली आहे. त्याची दशा उलटते, त्याला सत्याची ओळख पटते. पण ॲरिस्टॉटलने जी चूक नायकात शोधायला सांगितली, ती या कादंबरीत नायकाच्या बाहेर आहे, ती कायद्यात आहे आणि गावाच्या रचनेत आहे. मार्क कमी पडले तर पडू द्या.

आणि परीक्षा झाल्यावर एक काम करा. आपापल्या गावी जा. बहिष्कारात, दंग्यात, पोलिसांच्या धाडीत कोण लढलं त्याची नावं आपल्याला पाठ असतात. त्याच्यापायी कोण कोंडलं गेलं, कोणाची मजुरी बुडाली, कोणत्या बाईने उपाशी राहून तोंड उघडलं नाही, त्यांची नावं विचारा. म्हाताऱ्या माणसांकडून ऐका, तारीख-साल लिहून घ्या. फकिरा शरण गेला तेव्हा कोंडवाड्यातून जी माणसं बाहेर आली, त्यांचं पुढे काय झालं हे लिहिणारी कादंबरी अजून बाकी आहे. ती लिहायची तर आधी ती नावं जमा व्हायला हवीत.

जय भीम.